अनुदान कुणाच्या नावे?

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी शेतकरी नव्हे आणि शेतीतज्ज्ञही नव्हे. माझे काम प्रसिद्धीचे. एखादी योजना जाहीर झाली की तिची माहिती सोप्या भाषेत लिहावयाची, तिची पत्रके छापून घ्यावयाची, भित्तिपत्रके गावोगावी पोहोचवावयाची आणि शेवटी एक ठरलेले वाक्य घालावयाचे : "शेतकऱ्यांनी या योजनेचा लाभ घ्यावा." हे वाक्य मी आजवर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. परंतु त्यातील 'शेतकरी' हा शब्द किती अवघड आहे, हे मला एका बाईंनी शिकविले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका मेळाव्यानंतर त्या माझ्याजवळ आल्या आणि भिंतीवरील भित्तिपत्रकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "साहेब, आमच्या शेताचे मालक मुंबईस असतात. शेत मी करते. मग चित्रातला हा शेतकरी कोण, ते की मी?" मी नियमाप्रमाणे उत्तर दिले : "बाई, मालकाची संमती आणा. त्यांची सही झाली की तुमचा अर्ज घेता येईल." बाईंनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि मालकाकडे सही मागितली. मालकास वाटले, आज सही मागते आहे, उद्या कूळ म्हणून नाव लावील. त्यांनी सही तर दिली नाहीच. पुढील सरद हंगामात शेतही दिले नाही. ते शेत त्या वर्षी पडीक राहिले. मी सांगितलेली माहिती चुकीची नव्हती. नियम तोच होता. तरीही माझ्या त्या उत्तराने एका कसणाऱ्या बाईचे शेत गेले, हे मला विसरता आलेले नाही.

सरकारने शेतीला पैसे द्यावेत की नाही, यावर पुष्कळ चर्चा होते. ते पैसे कुणाच्या नावे निघावेत, यावर मात्र फारशी होत नाही. या दुसऱ्या प्रश्नाचा शोध घेताना मला नव्वद वर्षांपूर्वीची, दूर अमेरिकेतील एका काउंटीची हकीकत वाचावयास मिळाली. तीच आज आपणांपुढे ठेवणार आहे. शेवटी आपल्या गावाकडे परत यावयाचे आहेच.

पॉइनसेट काउंटी

अमेरिकेतील प्रत्येक राज्याचे लहान लहान विभाग केलेले असतात. त्यांना बहुतेक ठिकाणी काउंटी म्हणतात. आपल्याकडील तालुका आणि जिल्हा यांच्या दरम्यानचे हे एकक समजावे. त्या देशात अशा सुमारे तीन हजार काउंट्या आहेत. आर्कान्सा राज्यात ७५ आहेत आणि त्यांपैकीच एक राज्याच्या ईशान्य भागातील पॉइनसेट. तिच्या पूर्वेकडील सखल, गाळाच्या जमिनीत त्या काळी मैलोगणती कापूस उभा असे. जमीन मोठ्या मळेवाल्यांची. कसणारी मात्र बटईदार कुटुंबे, काही काळी, काही गोरी. मळेवाल्याने जमीन, खेचरे, अवजारे आणि राहावयास खोपटे द्यावयाचे. कुटुंबाने वर्षभर राबावयाचे. पीक निघाले की निम्मे मालकाचे, निम्मे बटईदाराचे. वर्षभराचे पीठमीठ मळ्याच्या दुकानातून उधारीवर यावयाचे आणि हंगामाअखेर हिशेब झाला की बटईदाराच्या निम्म्यातून ती उधारी वळती व्हावयाची. पुष्कळदा त्याच्या हाती काहीच उरत नसे. भाटकार आणि कूळ हे शब्द ज्या भूमीत रुजलेले आहेत, तेथील श्रोत्यांना ही पद्धत अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

१९२९ साली कापसाला पौंडास सुमारे १७ सेंट भाव होता. महामंदी आली आणि १९३२ साली तोच भाव साडेसहा सेंटांवर उतरला. वेचणीची मजुरीही सुटेना. कर्जापायी शेते लिलावात निघू लागली. अशा वेळी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १२ मे १९३३ रोजी शेतीविषयक समायोजन कायद्यावर सही केली. आज जगभर शेतीला मिळणाऱ्या सरकारी मदतीची चर्चा होते, तेव्हा ज्या कायद्यांपासून इतिहास सांगावयास सुरुवात होते, त्यांत हा एक प्रमुख होय.

उभे पीक नांगरण्याचा करार

कायद्यामागील विचार साधा होता. माल फार झाला म्हणून भाव पडला. तेव्हा शेतकऱ्याने कमी पेरावे आणि न पेरलेल्या जमिनीबद्दल सरकारने त्याला मोबदला द्यावा. परंतु कायदा होईतो कापूस उगवून वर आला होता. म्हणून १९३३ च्या उन्हाळ्यात उभे पीक नांगरून टाकण्याचे करार झाले. सुमारे एक कोटी एकर कापूस असा मोडण्यात आला. खेचरांना जन्मभर शिकविलेले असे की दोन ओळींमधून चालावे, रोपावर पाय देऊ नये. त्यामुळे उभ्या रोपांवरून नांगर ओढावयास ती तयार होईनात, अशी हकीकत त्या काळच्या लोकांनी सांगून ठेवली आहे. देशात माणसे उपाशी असताना पीक नांगरावे, डुकरांची लाखो पिल्ले मारावीत, यावर टीकाही पुष्कळ झाली.

पण एवढेच सांगून थांबलो तर ती अर्धी गोष्ट होईल. भाव खरोखरच वर आला. १९३४ साली तो १२ सेंटांच्या आसपास पोहोचला. पुष्कळ शेते लिलावातून वाचली. सरकारी मदतीने शेती सावरू शकते, हे त्या कायद्याने दाखवून दिले. अडचण होती ती अन्यत्र. मदत कुणाच्या हाती पडली, तेथे.

साडेचार सेंटांचा हिशेब

१९३४ सालापासूनच्या करारात मोबदल्याचे दोन भाग होते. शेतकऱ्याने जमिनीचा काही भाग सरकारला जणू भाड्याने देऊन पडीक ठेवावयाचा. त्यावर जेवढा कापूस आला असता, त्याच्या दर पौंडामागे साडेतीन सेंट भाडे. हे भाडे मालकाचे. याशिवाय दर पौंडामागे एक सेंट भावफरकापोटी. हा एक सेंट मात्र मालक आणि अर्धेलीचा बटईदार यांनी निम्मा निम्मा वाटून घ्यावयाचा. बेरीज करून पाहावी. एकूण साडेचार सेंट. त्यांपैकी चार सेंट मालकाला आणि अर्धा सेंट बटईदाराला. शेत पिकले असते तर बटईदाराला निम्मे पीक मिळाले असते. शेत पडीक ठेवल्यावर त्याच्या वाट्याला मदतीचा नववा हिस्सा आला.

त्या अर्ध्या सेंटाची वाटही सरळ नव्हती. धनादेश निघे मालकाच्या नावाने, आणि बटईदाराचा हिस्सा दुकानाच्या उधारीत जिरून जाण्याची शक्यता मोठी. शिवाय कमी जमीन पेरावयाची म्हटल्यावर कमी माणसे पुरतात, हा हिशेब मालकांना सुचावयास वेळ लागला नाही. करारात एक कलम होते की, मालकाने शक्य तोवर आपली कुळे कमी करू नयेत. 'शक्य तोवर' हे दोन शब्द, मित्रहो, सरकारी कागदावर लिहावयास फार सोपे असतात. मसुदा करणारा ते सावधगिरीने लिहितो आणि ज्याला पळवाट हवी असते, तो त्यांतूनच निघून जातो. पॉइनसेट काउंटीत टायरोंझा नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या एका मळ्यावरून विसाहून अधिक कुटुंबांना घालवून देण्यात आले.

शाळेतील सभा

जुलै १९३४ मध्ये टायरोंझाजवळील एका लहानशा शाळेत अठरा माणसे रात्री जमली. अकरा गोरे, सात काळे. त्या काळी त्या भागात दोन्ही वर्णांच्या माणसांनी एका खोलीत बरोबरीने बसणे हेच धाडसाचे होते. एच. एल. मिचेल हा गावात कपडे धुण्याचे दुकान चालवीत असे. क्ले ईस्ट याचा शेजारीच पेट्रोलचा पंप होता. हे दोघे संघटनेसाठी झटत होते. जमलेल्यांत आयझॅक शॉ नावाचा एक वयस्क काळा शेतकरी होता. १९१९ साली त्याच राज्यात एलेन येथे काळ्या बटईदारांनी संघटना बांधली, तेव्हा त्यांची कत्तल झाली होती. त्यातून तो वाचलेला. या वेळी दोघांनी वेगवेगळ्या संघटना न काढता एकच काढावी, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. त्या रात्री दक्षिणेतील कुळांची संघटना स्थापन झाली. पुढे ती शेजारच्या राज्यांतही पसरली. टायरोंझा येथे आज तिच्या स्मृतीचे संग्रहालय आहे.

संघटनेने न्यायालयात दाद मागितली. करारातील कुळांना न काढण्याचे कलम आमच्यासाठीच आहे, ते पाळले जावे, एवढीच मागणी. उत्तर मिळाले की, करार सरकार आणि मालक यांच्यामधला. कूळ त्यात पक्षकारच नाही. ज्याच्या संरक्षणासाठी कलम लिहिले, त्याला ते कलम हाती धरता येईना, कारण कागदावर त्याचे नाव नव्हते.

येथे मी माझ्या अधिकारी बंधूंचे लक्ष एका घटनेकडे वेधू इच्छितो. शेती खात्यातील विधी शाखेने कलमाचा असा अर्थ लावला की, मालकाने नुसती कुळांची संख्या कायम ठेवून भागणार नाही. जी माणसे शेत कसत होती, तीच ठेवली पाहिजेत. हा अर्थ वरिष्ठांस मानवला नाही. फेब्रुवारी १९३५ मध्ये विधी शाखेचे प्रमुख जेरोम फ्रँक आणि त्यांचे काही सहकारी यांना नोकरीतून जावे लागले. मदतीची योजना मोठ्या मळेवाल्यांच्या सहकार्याशिवाय चालणार नाही, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. कदाचित त्या घडीला ते व्यवहार्यही असेल. पण त्या व्यवहाराची किंमत चुकवली ती मळ्यावरून निघालेल्या कुटुंबांनी.

जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. नंतरच्या कायद्यांत कुळांचा वाटा वाढविण्यात आला आणि पैसे थेट त्यांच्या हाती देण्याची तरतूद झाली. तेव्हा अनेक मालकांनी बटईदारच ठेवले नाहीत. त्यांना रोजंदारीवरील मजूर केले, म्हणजे वाटा देण्याचा प्रश्नच उरला नाही. मदतीच्या पैशांतून ट्रॅक्टर आले, पुढे कापूस वेचण्याची यंत्रे आली. काही दशकांत बटईदार हा वर्गच त्या प्रदेशातून दिसेनासा झाला. हे सर्व एकट्या अनुदानाने घडविले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. यंत्रे येणारच होती. परंतु अनुदानाने त्या जाण्याची वाट उतरती करून दिली, हे नाकारता येत नाही.

समितीवर कोण?

या मदतीची गावपातळीवरील अंमलबजावणी पगारी अधिकाऱ्यांवर न सोपविता प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनीच निवडून दिलेल्या शेतकऱ्यांच्या समितीवर सोपविण्यात आली. कुणाची किती जमीन, किती पेरणी, कुणाला किती मोबदला, हे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी ठरवावयाचे. कल्पना उत्तम आणि लोकशाहीला शोभणारी. परंतु समिती गावाहून अधिक न्यायी कशी असणार? १९६५ साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने शेतीच्या योजनांविषयी अहवाल दिला. दक्षिणेतील काउंटी समित्यांवरून काळे शेतकरी वगळले गेले होते, ही गोष्ट त्यातून उघड झाली. कर्जे नाकारली जाणे, ती उशिरा मिळणे, हंगाम निघून गेल्यावर मंजुरीचा कागद हाती येणे, अशा तक्रारी पुढेही चालू राहिल्या. अखेर काळ्या शेतकऱ्यांनी १९९७ साली शेती खात्याविरुद्ध दावा लावला. १९९९ साली तडजोड झाली आणि सरकारला एक अब्ज डॉलरांच्या घरात भरपाई द्यावी लागली. पण तोवर पुष्कळांची शेते हातची गेलेली होती. भरपाईच्या धनादेशाने गेलेले शेत परत येत नाही.

दुसरी एक चूक नंतरच्या काळात झाली. १९९६ च्या कायद्यापासून शेतकऱ्याला मदत देताना त्याने यंदा काय पेरले हे पाहणे सोडून, त्या जमिनीवर पूर्वी काय पिकत होते हे पाहून ठराविक रक्कम देण्यास सुरुवात झाली. हिशेब सोपा झाला, कागद कमी झाले. परंतु जमिनीला चिकटलेली रक्कम जमीन ज्याची, त्याच्या मागे गेली. टेक्सास राज्यात पूर्वी भातशेती असलेल्या काही जमिनींवर घरे उभी राहिली. घरामागे थोडे मोकळे रान उरले, आणि भाताचे एक कणीसही न पाहिलेल्या घरमालकांना भातापोटी पैसे मिळू लागले. २००६ साली एका मोठ्या वृत्तपत्राने हिशेब मांडला की, २००० सालापासून शेती न करणाऱ्यांना असे किमान १३० कोटी डॉलर दिले गेले. २०१४ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली.

पॉइनसेट काउंटीत आज भात आणि सोयाबीन ही मोठी पिके आहेत, आणि अमेरिकेत सर्वांत अधिक भात आर्कान्सा राज्यातच पिकतो. भाव ठराविक पातळीखाली गेला की तेथील शेतकऱ्यांना आजही सरकारकडून फरक मिळतो. सारे पैसे वाया गेले, असे कुणी म्हणणार नाही. पण ज्यांच्या घामावर तो प्रदेश उभा राहिला, त्यांची नातवंडे ते पैसे घेण्यास शेतावर उरलेली नाहीत.

आपल्याकडील कागद

आता गावाकडे येऊ. आपल्या गोव्याने या प्रश्नाला कायद्याने हात घातला, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. मुक्तीनंतर तीनच वर्षांत, १९६४ साली, कूळ कायदा आला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसेल त्याची जमीन हे तत्त्व त्यात आले आणि २० एप्रिल १९७६ हा कृषक दिन धरून कुळाला मालक मानण्याची तरतूद झाली. परंतु कायद्याने मानणे आणि उताऱ्यावर नाव चढणे यांत अंतर आहे. कितीतरी घरांत आजोबांचे नाव कूळ म्हणून लागलेले आहे. आजोबा जाऊन वर्षे लोटली, पण मुलानातवंडांची नावे चढलेली नाहीत. कितीतरी शेते तोंडी बोलीवर, एका हंगामापुरती कसली जातात. तेथे कागदच नाही.

आणि मदतीचा ओघ मात्र अधिकाधिक कागदावरूनच वाहतो आहे. २०१९ साली सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीतून वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत थेट बँक खात्यात जमा होतात. मधला माणूस गेला, ही मोठीच सुधारणा होय. पण ते पैसे ज्याच्या नावे शेतजमीन आहे, त्या कुटुंबाला मिळतात. दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा बोलीने कसणाऱ्याला नाही. तेलंगणाने २०१८ साली एकराप्रमाणे पैसे देण्याची योजना काढली, तिच्यातही हीच मर्यादा होती. ओडिशाने मात्र आपल्या योजनेत बटईदार आणि भूमिहीन यांना जागा दिली. आंध्र प्रदेशाने २०१९ साली कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचे पत्र देण्याची सोय केली. त्या पत्रावर पीककर्ज, विमा आणि मदत मिळावी, पण मालकाच्या हक्काला धक्का लागू नये, असा त्याचा हेतू. मात्र त्या कायद्यात त्यासाठीही मालकाची सही आवश्यक ठेवली गेली, आणि सहीपाशी गाडी अडते, हे मी माझ्याच अनुभवाने जाणतो.

मालकांची भीतीही अगदीच निराधार नाही, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वादांतून ती आलेली आहे. पण त्या भीतीपायी शेत पडीक ठेवून मालकाचा फायदा होत नाही, कसणाऱ्याचा होत नाही, आणि बांध फुटून खारे पाणी आत शिरले की शेजाऱ्याचेही शेत बुडते. खाजन जमिनीच्या गावांना हे सांगावयास नको.

आपल्या हाती काय आहे?

धोरण ठरविणे माझ्या हाती नाही. आपल्याही हाती ते थेट नाही. परंतु तीन गोष्टी आजच करता येतील.

शेतकऱ्यांनी आपला एक-चौदाचा उतारा काढून पाहावा. नाव आजोबांचे असेल तर वारसांच्या नोंदीसाठी अर्ज करावा. अनुदान येते आणि जाते. नाव एकदा चढले की ते पुढील प्रत्येक योजनेस उपयोगी पडते. भगिनींना मी विशेष आग्रहाने सांगेन की, घरातील पुरुषांबरोबर आपलेही नाव लागले आहे किंवा नाही, हे त्यांनी स्वतः पाहावे.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्षातून एक संध्याकाळ द्यावी. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. भिंतीवर लावलेली यादी सर्वांना वाचता येतेच असे नाही. वाचलेली यादी मात्र सर्वांना ऐकू येते, आणि शेत कोण कसतो हे गावाला कुठल्याही कार्यालयाहून चांगले ठाऊक असते.

आणि आम्ही अधिकाऱ्यांनी "मालकाची सही आणा" असे सांगण्यापूर्वी, ती सही मागावयास जाणाऱ्या माणसाचे काय होईल, याचा क्षणभर विचार करावा. शक्य तेथे मालक आणि कसणारा या दोघांना एकत्र बसवून, कागदाचा अर्थ दोघांनाही समजावून सांगावा. हे काम कुठल्याही परिपत्रकात नसेल, परंतु ते आपले काम आहे.

त्या बाईंच्या प्रश्नाला मी त्या दिवशी नियम सांगितला. उत्तर दिले नाही. उत्तर असे होते की, बाई, चित्रातला शेतकरी तुम्हीच. ते कागदावर खरे ठरेल अशी व्यवस्था होईपर्यंत, "शेतकऱ्यांनी लाभ घ्यावा" हे वाक्य लिहिताना माझा हात थोडा अडखळेल, आणि तो अडखळावा हेच बरे.